मास्तरांचं गाळणं

मास्तरांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ना आधार कार्ड मागितलं ना ऑफिसचं पत्र. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, माझ्याच बाटलीतल्या पाण्यानं त्याचं एक टोक ओलं केलं आणि मी दाराला लावायला आणलेल्या नव्या पडद्यावर खसाखसा घासलं. मग रुमाल उजेडात धरला, डोळे बारीक केले.

"सुटतोय," म्हणाले. "कुठनं घेतलास गं हा?"

"आईनं घेऊन दिलाय. करमाळ्याहून."

"आईला फशिवलंय," म्हणाले आणि जिना उतरून गेले. झाली माझी निवड. मी पडदा हातात धरून तशीच उभी. मनात म्हटलं, बाई गं, कुठल्या घरात येऊन पडलीस!

सोलापूरच्या पूर्व भागातली ती गल्ली. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड, घराघरातून तेलुगू, आणि रस्त्यावर सगळ्या भाषांची मिसळ. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, रंगाचे. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्यात त्यांनी उभा जन्म घातलेला. नखांच्या कडांना निवृत्तीनंतरही निळी-जांभळी रेघ राहिलेली. रंग पक्का की कच्चा हा एकच प्रश्न त्यांना जगात पडायचा, आणि त्याचं उत्तर शोधायची एकच रीत त्यांच्याकडे होती, ती म्हणजे ओला रुमाल. "वल्लं केल्याबिगर काय कळत नाय," हे वाक्य मी त्या घरात दिवसातून चार वेळा ऐकलं असेल.

ही रीत ते कुठंही वापरत. वाण्याच्या दुकानातल्या पिशव्या, देवळातली आरास, लग्नाच्या मांडवाची झालर. एकदा तर बँकेतल्या साहेबांच्या टायला रुमाल लावला होता म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, पण खोटं असेल असंही मला वाटत नाही. कारण जे मी पाहिलं ते याहून वाईट होतं.

मला एक स्थळ आलं होतं. मुलाची आत्या सोलापुरातच राहणारी. "जरा बघून येते पोरीला, सहज," असं म्हणत माझ्या खोलीवर आली. सहज कसली, हिरवीगार रेशमी साडी नेसून आली होती, पायरीपायरीला निऱ्या सावरत. मी चहा ठेवलेला. तेवढ्यात मास्तर पाण्याची वेळ सांगायला वर आले. साडी बघितली आणि त्यांचा हात खिशात गेला. मी म्हणतेय, "मास्तर, नको, नको," तोवर रुमाल ओला होऊन आत्याबाईंच्या पदरावर फिरलाही होता. रुमालावर हा पोपटी डाग!

"पहिल्याच धुण्यात जाणार," मास्तर तिला प्रेमानं म्हणाले. "मिठाच्या पाण्यात टाक बाई, लगेच टाक."

आत्याबाई चहा न घेता गेल्या. स्थळही गेलं. आई आजही फोनवर त्या दिवसाचा उद्धार करते. पुढं माझं लग्न ज्याच्याशी झालं, त्याच्या निळ्या शर्टावर मास्तरांनी दोनदा रुमाल घासला, दोन्ही वेळा रुमाल पांढराच राहिला, आणि त्यांनी माझ्या बापाला स्वतः फोन करून सांगितलं, "पोरगा पक्का हाय." बाबांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी होकार दिला.

कापडानंतर त्यांचं लक्ष असायचं पाण्यावर. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. पाणी आलं की गल्लीत धावपळ, बादल्या, पिंपं, पाइप, एकमेकींच्या नावानं आरडाओरड. मास्तर मात्र या गर्दीत काचेचा पेला घेऊन उभे. पहिल्या धारेचं पाणी पेल्यात घ्यायचं, मागं पांढरा रुमाल धरायचा आणि निकाल द्यायचा. पाणी घाण आहे असं ते कधी म्हणायचे नाहीत. "आज मोतिया." "आज बदामी." एकदा जरा गढूळ आलं तर "बिस्किट." अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायची, "शेड नंतर सांगा, पैलं पिंप भरा!"

गल्लीत बहुतेकांच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. मास्तरांच्या घरी नव्हतं. ऐपत नव्हती असं नाही. त्या भागात यंत्रं बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता, तीन बोळ पलीकडे राहणारे चाचा. आणि चाचांचं नाव त्या घरात निघायचं नाही. काढायची वेळ आलीच तर मास्तर "तो मीठवाला" म्हणायचे.

हे मला अक्कानं सांगितलं, भाजी निवडता निवडता. चाचा त्याच कारखान्यात होते. बोअरचं पाणी जड असतं, त्यात रंग नीट धरत नाही. म्हणून ते मिठाच्या यंत्रातून मऊ करून मग रंगाला घ्यायचं. ते यंत्र चाचांच्या ताब्यात. वीस वर्षं चाचांनी पाणी द्यायचं आणि मास्तरांनी रंग चढवायचा. डबा एकत्र, चहा एकत्र, ईदला मास्तर चाचांकडे आणि दसऱ्याला चाचा इकडे. मग एकदा राणी कलरच्या टॉवेलांची मोठी ऑर्डर निघाली, गडद गुलाबी टॉवेल आणि कडेला पांढरा पट्टा. माल गेला आणि परत आला. पहिल्या धुण्यात पांढरा पट्टा गुलाबी! मालकानं दोघांना उभं केलं. मास्तर म्हणाले, रंग माझा पक्का होता, पाणी कच्चं होतं, यानं मीठ टाकलं नाही. मास्तरांच्या शब्दाला वजन. चाचा त्याच दिवशी घरी बसले. वर्षभरात मास्तरांनीही काम सोडलं. बारा वर्षं झाली होती, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. समोरून आले तर एक जण रस्ता ओलांडायचा.

"चूक कुणाची होती अक्का?" मी विचारलं.

अक्का शेंगा मोडत राहिली. "तेच तर त्यांचं दुखणं हाय पोरी," एवढंच म्हणाली.

त्या परत आलेल्या मालातले दोन डझन टॉवेल मास्तरांनी घरी आणले होते. दिवाणाखाली पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, जसेच्या तसे. पाहुण्यांना ट्रंक उघडून दाखवायचे. कच्चं पाणी काही नगांनाच लागलं, हे पक्के आहेत, असं त्यांचं म्हणणं. "बघा. बारा वर्षं झाली, कलर बघा. हा कलर सुटेल का?" पाहुणा बिचारा नाही म्हणायचा. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ज्या माणसानं गल्लीतल्या झाडून सगळ्या कापडांची ओली परीक्षा घेतली, त्यानं या टॉवेलांना कधी रुमाल लावला नव्हता. मी एकदा, अगदी भोळेपणाचा आव आणून, म्हटलं, "मास्तर, बघायचा का एक ओला करून?"

मास्तरांनी ट्रंकेचं झाकण धाडकन लावलं. "पास झालेल्याची परत परीक्षा घेतात का?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग तो पावसाळा आला. नदीला पूर आला, पंपांच्या ठिकाणी गाळ शिरला, आणि आठव्या दिवशी नळाला जे पाणी आलं, ते बघायला गल्लीच्या बायका आरडाओरड सोडून बादल्यांवर वाकल्या. मास्तरांनी पेला भरला, मागं रुमाल धरला. रुमाल दिसेनाच.

"हा शेड माझ्या रंगांच्या कार्डात नाय," म्हणाले. मास्तर हरलेले मी पहिल्यांदाच बघितले.

वीज ये-जा करत होती. घरोघरची यंत्रं त्या चिखलानं तासाभरात चोंदली. दुकानातले जार आदल्या दिवशीच संपलेले. टँकर येणार, येणार, आणि येत नव्हता. माझ्याकडे अर्धी कळशी पाणी होतं आणि शेजारच्या घरात तर तेवढंही नाही. चाचांच्या दारात रांग लागलेली. ते एकटेच किती यंत्रं खोलणार!

"गाळणं करू की," मास्तर म्हणाले. "त्यात काय? वरनं खडी, मग वाळू, मग कोळसा, खाली कापड. आपला सोलापूरचा माणूस पाण्यावाचून मरंल?"

पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार आणला. तापलेल्या सुरीनं त्याचं बूड कापलं आणि तोंड खाली करून जार लाकडी स्टुलाला टांगला. कोपऱ्यावरच्या बांधकामावरून वाळू आणि खडी. इस्त्रीवाल्याकडून कोळसा, तो बत्त्यानं कुटला. मास्तर कारखान्यातला जुना खाकी डगला घालून उभे, हातात डाव, जणू पुन्हा रंगाच्या हौदापाशीच. मी मोबाइलवर वाचून सांगितलं, "मास्तर, वाळू आणि कोळसा आधी धुवायला लागतो."

"कशानं?"

"पाण्यानं."

"पाणी असतं तर वाळू कशाला पाहिजे होती?"

मी मोबाइल खिशात ठेवला.

सगळा घोळ झाला तो कापडावर. जाराच्या तोंडाला बांधायला कापड पाहिजे. अक्कानं मऊ जुनं धोतर आणून दिलं. मास्तर ते उलटंसुलटं करून बघत होते, तेवढ्यात समोरच्या काकू, भल्या बाई, पण तोंडाला लगाम नाही, म्हणाल्या, "मास्तर, एवढं कशाला करताय? चाचांना बोलवा की. पाण्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतंय?"

मी अक्काकडे बघितलं. अक्कानं डोळे मिटून घेतले.

"त्याला?" मास्तरांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "त्याला पाण्यातलं कळतंय? त्यानं माझं वाटोळं केलं! वीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत घातलं! पाणी कच्चं देऊन माझा रंग बदनाम केला! थांबा. आज दाखवतोच तुमाला. सगळ्यांम्होरं दाखवतो." आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि राणी कलरचा टॉवेल घेऊन बाहेर आले. प्लास्टिक टराटरा फाडलं.

"अवो, नका," अक्का म्हणाली.

"का नको? जाड हाय, दाट हाय. बघू दे की सगळ्यांना."

"मी म्हणते नका."

मास्तरांनी ऐकलं नाही. टॉवेलाची दुहेरी घडी जाराच्या तोंडाला बांधली, सुतळीनं करकचून आवळली, वर कोळसा, वाळू, खडी रचली आणि पहिली बादली ओतली. गल्ली सगळी गोळा झालेली. खाली काळं पाणी ठिबकायला लागलं.

"कोळशाचं हाय. पहिली बादली टाकायचीच असते," मास्तर म्हणाले. दुसरीचं पाणी राखाडी. "वाळूतलं सिमेंट." तिसरीलाही थोडं तसंच. चौथी बादली ओतली आणि मास्तरांनी खाली काचेचा पेला धरला.

गढूळपणा पार गेला होता. खरं सांगते, आरपार दिसत होतं त्या पाण्यातून. आणि ते गुलाबी होतं. छानपैकी, गोड गुलाबी.

"अगं बया, सरबत आलं की!" काकू म्हणाल्या. सगळी गल्ली खो खो हसली. मीही हसले, कबूल करते. मग मास्तरांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मला माझीच लाज वाटली. त्यांनी पेल्यामागं रुमाल धरला होता. रुमालही गुलाबी दिसत होता.

ते पायरीवर बसले. लोकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, गाळणं फसलं म्हणून बसले. हळूहळू सगळे आपापल्या बादल्या घेऊन पांगले. राहिलो आम्ही तिघं.

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"तुमी आणलेत त्याच आठवड्यात मी एक धुऊन बघितला. माझा पांढरा परकर गुलाबी झाला. तुमी विचारलं, मी म्हटलं रंगपंचमीचा हाय. ट्रंकेत तेवीसच होते. कधी मोजलेच नाय तुमी."

"बारा वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर जेवला असता काय तुमी?"

 मास्तर माझ्याकडे वळून बोलायला लागले, कारण बायकोकडे बघून बोलायची हिंमत नव्हती. "पार्टीची गाडी दारात उभी होती गं. रंग झाला की शेवटाला उकळत्या साबणाचं पाणी द्यायचं असतं, वरचा फालतू रंग निघून जातो. मी दिलं, असं सांगत आलोय. दिलं का? आठवत नाय मला. त्या दिवशी पण आठवत नव्हतं. मालकासमोर उभं केलं आणि तोंडातनं त्याचं नाव गेलं." थांबले. "आणि एकदा गेलं ते गेलं."

 त्या माणसाचा मला राग आला होता आणि कीवही आली होती. चाचांची नोकरी गेली ती यांच्या एका न आठवणाऱ्या साबणापायी! मी म्हटलं, "मग आता?"

मास्तर उठले. पेला तळहातानं झाकला आणि चपला न घालता चालायला लागले. अक्का मला म्हणाली, "जा गं मागनं. मारामारी झाली तर सोडव." मी धावले.

तीन बोळ. वाटेत सगळीकडे चिखल, आणि मास्तर पेला सांडू नये म्हणून लग्नात नवरी चालते तसे चालत होते. चाचा दारात पाटावर बसून चोंदलेले फिल्टर खरवडत होते. आजूबाजूला यंत्रांचा ढीग. त्यांनी वर बघितलं.  मास्तरांनी पेला पुढं केला.

चाचांनी हात पुसले, चष्मा पुसला, पेला घेतला आणि उजेडात धरला. किती वेळ! 

"राणी कलर," चाचा म्हणाले. "वोइच लॉट?"

"व्हय."

चाचांनी पेला पुन्हा फिरवून बघितला. "पानी तो साफ है," म्हणाले.

"व्हय," मास्तर म्हणाले. "पाणी साफ हाय. तवाबी साफच होतं. तुझं पाणी साफ होतं मियाँ, माझा रंग कच्चा होता. मी तुझं नाव खराब केलं." आणि तिथंच, रस्त्यात, एवढा मोठा माणूस रडायला लागला. मीही रडले, काय करू!

चाचा रडले नाहीत. उठले, पेला घेऊन आत गेले. कपाट उघडल्याचा, मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. पेला आतच राहिला, कुलपात, पुराव्यासारखा. रिकाम्या हातानं बाहेर आले आणि मग जे सुरू झाले! "बारा साल! बारा साल लगे तेरेकू एक टॉवल भिगाने कू! सारे गाँव के कपड्यां घिसता फिरता है, अपना एक टॉवल नै भिगाया? मेरी अम्मी गुजर गई तब बी आया नै तू! मेरेकू मीठवाला बोलता, मीठवाला?"

मास्तर मान खाली घालून उभे. "व्हय," म्हणाले.

"टॉवेलाचं गाळणं कुणी केलं?" चाचांनी विचारलं.

"मी."

"वाळू धुतली?"

"न्हाय."

"कोळसा?"

"न्हाय."

"और इसकू मास्तर बोलते लोगां! पैले पानी में तुरटी फिरा, चार घंटे बैठने दे, ऊपर का पानी लेके वाळू धो. धोतर बांध, टॉवल नक्को. और कितना बी साफ दिखा तो उबाले बगैर किसीकू पिलाना नै, समझा क्या?" एकीकडे बोलत होते आणि एकीकडे पायात चपला सरकवत होते. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. कोपऱ्यातली धुतलेल्या वाळूची पाटी पायानं मास्तरांकडे ढकलली. "उचल."

मास्तरांनी पाटी डोक्यावर घेतली.

तीन बोळ चाचा पुढं, हात ओवाळून शिव्या देत, आणि मास्तर मागं, डोक्यावर पाटी, अनवाणी, पावलापावलाला "व्हय, व्हय" म्हणत. मी त्यांच्या मागं. दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी मला बाजूला ओढलं आणि हळूच विचारलं, "अगं, यांचं भांडण अजून मिटलं नाही का?"

"आत्ताच सुरू झालंय काकू," मी म्हटलं. "बारा वर्षं नुसता अबोला होता."